एक्झोराची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. काय करावं?

जुळेसोलापूरकर:
गेटजवळ जमिनीत लाल एक्झोरा लावलाय. खालची जुनी पानं गर्द हिरवी, शेंड्याची नवी मात्र पिवळीधमक, नुसती शिरांची जाळी हिरवी. पाणी बोअरचं. शेणखत घातलं, युरिया दिला, फरक शून्य. फूलही धरत नाही. माळी दर महिन्याला कुंपणासारखं सरळ छाटून जातो. कोकणात बहिणीकडं हेच झाड काही न करता लालभडक! सांगा की कुणीतरी.

डाळिंबवाला_मोहोळ:
युरिया आधी बंद करा. नत्र कमी असतं तर जुनी पानं पहिली पिवळी पडली असती. तुमच्या झाडाला लोह कमी पडतंय. ते जुन्या पानातून नव्यात सहजी जात नाही, म्हणून शेंडा पिवळा. मातीत लोह असतं हो, पण आपल्या काळ्या मातीत चुनखडी, वर बोअरचं जड पाणी; मुळांना ते उचलताच येत नाही. कोकणची तांबडी माती आम्लधर्मी, तिथं ही भानगड नाही. बुंध्याजवळच्या कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसली की चुनखडी आहेच.
कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं) मागताना ईडीडीएचए हाच प्रकार मागा. ईडीटीए हा दुसरा प्रकार स्वस्त, पण असल्या मातीत टिकत नाही. द्रावण गडद लाल होतं, फरशीवर सांडू नका. फरक नव्या पालवीवर बघायचा.

जीवशास्त्रवाल्या_बाई:
फुलांचं कारण वेगळं. गुच्छ फांदीच्या टोकाला येतो, आणि टोक तर तुमचा माळी नेतो! बहर सरला की एकदाच छाटा.
झाड कॉफीच्या कुळातलं, रुबिएसी. समोरासमोरच्या दोन पानांच्या मधे, फांदीला चिकटून, बारीक टोकदार उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं इवलंसं पानासारखं अंग) दिसेल. कूळ ओळखायची ती खूण. फुलाची नळी लांब नि सुईसारखी बारीक, टोकाला चार पाकळ्या. मध नळीच्या तळाशी, म्हणून लांब सोंडेची फुलपाखरं येतात. (शाळेतली पोरंही सोडत नाहीत, दांडी ओढून चोखतात.) फूल उमलण्याआधीच पराग कुक्षीवृंताच्या (फुलातल्या स्त्रीभागाच्या दांडीच्या) टोकाला लागलेले असतात, कुक्षीचे (पराग घेणाऱ्या शेंड्याचे) दोन फाटे मागाहून उघडतात. भिंग असेल तर जरूर बघा.

विजापूर_रोड:
एवढी उठाठेव कशाला? बोगनवेल लावा, पाणीसुद्धा मागत नाही.

जुळेसोलापूरकर:
गेटजवळ काटे नकोत ओ, नातवंडं खेळतात. माती फसफसली. गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतो, ते देऊ का?

डाळिंबवाला_मोहोळ:
बिनधास्त द्या. बोअरपेक्षा कधीही चांगलं.