हौदातले पाणी पावसाचे नव्हते

पुण्याच्या जुन्या वाड्यांतील हौद पावसाच्या पाण्याने भरत, असे म्हटले जाते, त्याला आमच्या घरच्या आठवणींचा आधार मिळत नाही. सदाशिव पेठेतील आमच्या आजोळच्या वाड्यात मागच्या चौकात घडीव दगडांचा हौद होता आणि त्यात कात्रजच्या तलावाचे पाणी येत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, हे पाणी शहरात आणण्याचे काम सुरू झाले. कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत बांधीव भुयारी नळातून पाणी केवळ उताराने वाहत येई आणि वाटेतल्या उच्छ्वासांमुळे, म्हणजे हवा बाहेर पडण्यासाठी नळावर बांधलेल्या वाटांमुळे, नळात हवा कोंडत नसे.

आजी पहाटे हौदात कळशी बुडवण्याआधी पाण्यावरची पाने हाताने बाजूला सारी. दोराने घासून हौदाच्या काठाला जी खाच पडली होती, तिच्यात माझे लहानपणीचे बोट पूर्ण मावत असे. पिण्याचे पाणी मात्र पुढे नळालाच भरत. हौद धुण्याभांड्यांसाठी उरला.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून शहरात पूर आला तेव्हा नारायण पेठेतील नातेवाईक ओल्या कपड्यांनिशी याच वाड्यात आले. शहराचे नळ बंद पडले होते, त्यामुळे आजीने हौदाचे पाणी फडक्यातून गाळून, उकळून सर्वांना दिले. दोन खणांच्या माजघरात तेव्हा किती माणसे झोपत, याबद्दल मामा आणि आई यांचे आजही एकमत नाही. वाडा पाडला तेव्हा हौद बुजवला. त्या जागी आता दुचाकी उभ्या असतात.