नर्स प्रॅक्टिशनरला स्वतःचे क्लिनिक काढता येते का? तातडीने मदत हवी

रानमोगरा: मी नर्स प्रॅक्टिशनर आहे, म्हणजे नर्सिंगनंतर जादा शिक्षण घेतलेली नर्स. क्लिनिकसाठी गोव्यात वाळपईजवळ जागा बघितली आहे. घरमालकाला शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचे आहे. परवान्यासाठी अर्ज कुठे करायचा, एवढेच सांगा. जिथे विचारावे तिथे दुसऱ्या टेबलाकडे पाठवतात.

म्हादईकाठ: कोर्स कुठला? जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, बीएस्सी की एमएस्सी? आणि करणार काय? ड्रेसिंग वेगळे, औषध लिहून देणे वेगळे.

फोंड्याचे काका: बाय, खुशाल काढ. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडोत नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स सुरू झाला. आज न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तासांचा अनुभव झाला की डॉक्टरशी लेखी करारही लागत नाही. माझी भाची तिथेच असते. तू एनक्लेक्सची, म्हणजे तिथल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा दे, पुस्तके मी पाठवतो.

रानमोगरा: काका, मला इथेच सत्तरी तालुक्यात राहायचे आहे. नर्स प्रॅक्टिशनरचे एनपीसीसी केले आहे, नोंदणी गोव्याची. ताप, बीपी, शुगर बघणार आणि साधी औषधे देणार.

जुना एमबीबीएस: एनपीसीसी म्हणजे क्रिटिकल केअर. तो कोर्स रुग्णालयातल्या आयसीयूसाठी, तिथल्या प्रोटोकॉलप्रमाणे काम करायला. बीपीची अम्लोडिपिनसुद्धा शेड्यूल एचमध्ये येते, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळते. आणि काका, टेक्सासमध्ये आजही डॉक्टरशी करार लागतो. पित्त झाले म्हणून आलेल्या माणसाला हार्ट अटॅक निघालेला मी पाहिला आहे.

सुरंगी: तो अटॅक आयसीयूतली नर्स ओळखणार नाही, तर कोण ओळखणार? २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याचे कलम ३२ वाचा. कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला मर्यादित परवाना, प्राथमिक उपचारांत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे द्यायची मुभा. आमच्या गावात रात्री ताप चढला तर डॉक्टर कुठून आणायचा?

जुना एमबीबीएस: वाचले आहे. कोण पात्र, हे नियमांनी ठरवायचे असे त्यातच आहे. एनपीसीसी झाले म्हणून तो परवाना आपोआप मिळत नाही. तुमची रात्रीची अडचण खरी आहे, पण ती एकट्या नर्सच्या अंगावर टाकू नका. उद्या काही बिघडले तर कोर्टात तिलाच उभे राहावे लागेल.

सांखळीची आई: मुलगी बारावी सायन्सला आहे. बांबोळीला नर्सिंगच्या बीएस्सीला प्रवेश कसा मिळतो?

म्हादईकाठ: ताई, त्याचा वेगळा धागा काढा. रानमोगरा, क्लिनिकची पाटी लावायची तर गोव्याचा २०१९ चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, म्हणजे दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा, आधी बघा. होंड्यात एक निवृत्त सिस्टर घरोघरी जाऊन ड्रेसिंग करतात, कॅथेटर बदलतात, इंजेक्शन देतात. डॉक्टरची चिठ्ठी बघितल्याशिवाय सुईला हात लावत नाहीत. लोक त्यांची वाट बघत असतात.

रानमोगरा: म्हणजे एकटीच्या नावावर औषधे देणे जमणार नाही. ठीक. जागा तरी सोडत नाही. आठवड्यातून दोन दिवस वाळपईला येऊन बसेल असा एमबीबीएस डॉक्टर कुणाच्या ओळखीत आहे का? शनिवारच्या आत कळवा.