मदत हवी आहे: ब्रश पेनने झाडं-पानं रेखाटताना टोक, शाई आणि कागद कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

आजवर ०.३ आणि ०.५ मिमीच्या फाइनलायनरने (बारीक, कडक टोकाचं पेन) पानं, फुलं, फांद्या रेखाटत आले. रेघ स्वच्छ येते, पण सगळीकडे एकाच जाडीची. बांबूचं पान देठाशी बारीक, मध्ये भरदार आणि शेवटी निमुळतं असतं. ते एका फराट्यात उतरावं, ही फार दिवसांची इच्छा आहे.

सध्या दोन पेनं हाताळतेय. टोम्बो फुडेनोसुकेचं कडक टोक छान ताब्यात राहतं, पण कितीही दाबलं तरी रेघ म्हणावी तशी जाड होत नाही. पेंटेलच्या पॉकेट ब्रश पेनला नायलॉनचे सुटे केस आहेत. त्याची रेघ जिवंत दिसते, मात्र वळणावर हात जरा हलला की तेही उमटतं.

जाणकारांना विचारायचंय: हात बसेपर्यंत यातलं कोणतं पेन धरून ठेवू? रेघांवर मागाहून जलरंग देते, तर पाण्याने न फुटणारी रंगीत शाई कोणत्या ब्रश पेनात मिळेल? आणि तिसऱ्या एका फेल्ट (दाबलेल्या तंतूंच्या) टोकाच्या पेनचं टोक पिंजायला लागलंय. हे दाबामुळे होतं की कागदामुळे?

प्रतिसाद १

दोन्हींमुळे, पण कागदामुळे जास्त. खरखरीत जलरंग कागद फेल्टचं टोक कानशीसारखा घासतो. हॉट प्रेस (गुळगुळीत पृष्ठभागाचा जलरंग कागद) किंवा ब्रिस्टल (जाड, गुळगुळीत) कागद घ्या. पेन तिरकं धरून ओढा, टोकाच्या दिशेने ढकलू नका. वळण आलं की मनगट मुरडण्यापेक्षा कागदच फिरवा.

शाईचं म्हणाल तर पिगमेंट शाईचं (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई) पेन बघा. फेबर-कॅसलचं पिट आर्टिस्ट पेन किंवा सकुराचं पिग्मा ब्रश, दोन्हींत रंग मिळतात आणि वाळलेली रेघ पाण्याने हलत नाही. तुमच्या पॉकेट ब्रशची मूळ काळी शाईही तशीच. फक्त जाड फराटा वाळायला वेळ लागतो, घाई नको. टोम्बो ड्युअल ब्रश किंवा सकुरा कोईची शाई पाण्यात विरघळते. त्यांनी बाह्यरेषा काढू नका, पण प्लास्टिकच्या तुकड्यावर रंग घासून ओल्या ब्रशने उचललात तर पानांच्या सावल्या सुरेख येतात.

प्रतिसाद २

माझं मत जरा वेगळं. कडक टोकात अडकू नका, पॉकेट ब्रशच चालू ठेवा. लांब रेघ बोटांनी न काढता कोपरापासून हात हलवून काढा. टोक अलगद टेकवा, दाब वाढवत न्या, मग उचलत उचलत रेघ संपवा. पानभर हीच एक रेघ काढत राहा. फुडेनोसुके शिरांसाठी ठेवा, तिथे त्याला तोड नाही.

पुढे कॉपिकसारख्या अल्कोहोल मार्करकडे वळलात तर शाई कागदाच्या पाठीमागे उतरते, खाली जादा कागद हवाच. त्यांचं ब्रश टोक मात्र बदलता येतं, पिंजलं तरी मार्कर वाया जात नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! पिट पेन मागवते. पानं हिरव्याच शाईने रेखाटावीत, की सेपियाची (तपकिरी) रेघ जलरंगाखाली जास्त खुलते? कुणी दोन्ही करून पाहिलं असेल तर चित्रं इथे टाकाल का?