मदत हवी आहे: कंबरेचा एक्स-रे पुन्हा काढण्यात अर्थ आहे का?

वय ४४, दिवसभर बसून काम. पाच आठवड्यांपासून कंबर दुखतेय. वाकून पाण्याचा कॅन उचलला, तेव्हापासून. दुसऱ्या आठवड्यात एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये ‘एल४-एल५ (कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका) मधली जागा कमी, मणक्यांना किंचित हाड वाढलेले’. घरच्यांनी ‘झीज झाली’ म्हणून मला म्हातारंच करून टाकलं! आता डॉक्टर म्हणतात, महिन्याने परत एक्स-रे काढून बघू.

आधीच सांगतो: पडलो नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही, कॅन्सर किंवा स्टेरॉइडचा इतिहास नाही. पायात मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा नाही. लघवी-शौचावर ताबा व्यवस्थित. पाच दिवस गोळ्या, गरम शेक झाला. पट्टा लावला, पण त्याने फार फरक नाही. चालल्यावर बरं वाटतं, बसलं की आखडतं. एकूण निम्मं दुखणं कमी झालंय.

माझ्या वाचनात आलं की अशी धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे एक्स-रेची गरज नसते, आणि त्यात हाडं दिसतात, मणक्यांमधली गादी किंवा नस दिसत नाही. शिवाय असे बदल अजिबात न दुखणाऱ्यांतही सापडतात. एमआरआय लगेच नको आहे, सेंटर ७० किलोमीटरवर आहे आणि खर्चही आहे.

फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञ कुणी असाल तर सांगा: दुखणं कमी होत असताना दुसऱ्या एक्स-रेमुळे उपचारात नेमकं काय बदलेल? आणि तो नको, हे डॉक्टरांना न दुखावता कसं विचारू?