तळघरात साप: गोव्याच्या पावसात चालेल का?

डिचोलीकर: आमचं घर उतारावर. खालच्या मजल्याची मागची भिंत पुरती डोंगरात, म्हणून आम्ही त्याला तळघरच म्हणतो. तिथं बॉल पायथन (पाळायचा बिनविषारी अजगर) ठेवलाय (सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद आहे, आधीच सांगतो). माझं मत, गोव्यात सापाला तळघरासारखी जागा नाही. मे महिन्यात माडीवर पारा ३८ला जातो, खाली २९च्या वर नाही. थंड रक्ताच्या जीवाला चढउतारच जास्त बाधतात. बोला.

चिऱ्याचीभिंत: मेमध्ये ठीक. जुलैत काय करता? चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो. आमच्या तळघराची भिंत ऑक्टोबरपर्यंत घामेजलेली असते. चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी. तिथं ठेवलेल्या माझ्या कॉर्न स्नेकचे (हाही पाळायचा बिनविषारी साप) पोटाचे खवले आधी लाल झाले, मग फोड आले. टाकीच्या तळाचा कागद उचलायला गेलो तर काचेला चिकटलेला. कॉर्नला ४०-६० टक्के आर्द्रता पुरते, तिथं ९० होती. डॉक्टरांनी पहिलं हेच सांगितलं, साप वर न्या.

डिचोलीकर: कॉर्नचं गणित वेगळं. बॉल पायथनला ६०-७० लागतेच. आणि हवा तापवली की टक्के उतरतात. २६ अंशांवरची ९० टक्क्यांची हवा ३१ला नेली की ६७च्या आसपास येते. पाणी तेवढंच, पण गरम हवेत मावतं जास्त. टाकीला ऊब देणारी हीट मॅट, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, विषय संपला.

चिऱ्याचीभिंत: गरम कोपऱ्यापुरता संपला. साप गार बाजूलाही जातोच ना, तिथं ९०च. शिवाय वीज? वाऱ्यात माडाचं झावळं तारेवर पडलं की आमच्याकडे दोन-दोन दिवस अंधार. मॅट थंड, ओल तशीच. गारठा आणि ओल एकत्र आली की सापाची छाती भरते. श्वासाला घरघर, नाकाशी बुडबुडे.

वारंखिडकी: एवढं कशाला? खिडकी उघडा, पंखा लावा.

चिऱ्याचीभिंत: बाब, जुलैत बाहेरच ९५ असते. खिडकीतून काय येणार? खोली बंद ठेवून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावा. तो खोलीही थोडी तापवतो, ते इथं बरंच.

पावसाळीबेडूक: आधी दोघांचे आर्द्रतेचे मीटर खरे आहेत का ते बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्यानं ओलं करा (विरघळवू नका) आणि मीटरसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. ७५ यायला हवेत. माझा गोल काट्यावाला ६२ दाखवायचा. त्याच्यावर विश्वासून वर्षभर मी टाकीत पाणी फवारत होतो!

डिचोलीकर: केलं. ७५च्या जागी ६८. म्हणजे माझ्या गार बाजूचे ८१ खरे ८८च्या घरात. डिह्युमिडिफायर आणतो. पण साप वर नेणार नाही, मे महिना परत येणारच आहे.

चिऱ्याचीभिंत: आणा. फक्त त्याची पाण्याची टाकी भरली की तो गप बंद पडतो. जुलैत झोपायच्या आधी ओतत जा.