मदत हवी आहे: १ टीबीच्या डिस्कवर ९५० जीबी मावेना

नमस्कार मंडळी. काकांच्या कीर्तनांच्या हँडीकॅमवरच्या जुन्या डीव्ही कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत. सगळा ऐवज विंडोजवर ९५० जीबी दिसतो. तपकीर गल्लीतून १ टीबीची पोर्टेबल डिस्क आणली, तर तिची एकूण जागाच ९३१ जीबी! दुकानदार म्हणाला, "फॉरमॅटिंगमध्ये जाते हो तेवढी." मला हे काही पटलं नाही.

माझा हिशोब असा. डिस्कवाले १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज त्याला १०२४ ने तीनदा भागतं, म्हणून ९३१ येतात, पण पुढे लिहितं जीबीच. या मापाला १९९८ पासून गिबीबाइट असं वेगळं नाव आहे, वापरतो कोण म्हणा! ताईच्या मॅकवर तीच डिस्क चोख १ टीबी दिसते. म्हणजे माझे ९५० तिच्याकडे १०२० च्या घरात जाणार, बरोबर ना?

तसं असेल तर ही डिस्क बदलून २ टीबीची घेतो. विंडोजवर १८६२ च्या आसपास दिसेल असं धरू का? आणि विंडोज, मॅक दोन्हीकडे लिहिता-वाचता यावं म्हणून डिस्क एक्सफॅट (फाइली साठवायची एक मांडणी) पद्धतीने फॉरमॅट करावी म्हणतोय. फॅट३२ या जुन्या मांडणीत ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही आणि डीव्हीची तासाभराची फाइलच १३ जीबीच्या आसपास भरते. एक्सफॅटचा कोणाला काही वाईट अनुभव? रविवारच्या आत सांगाल तर बरं होईल, दुकान बदलून देतंय तोवर.