मदत हवी आहे: दिवसा लाईट मिळणार, पण थंडीतल्या पहाटेचं काय? म्हणणं कुठे मांडायचं?

नमस्कार मंडळी. आमची निफाड तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. जवळच्या सबस्टेशनशेजारी सौर प्रकल्पाचं काम सुरू झालंय, शेतीचा फिडर (सबस्टेशनमधून शेतपंपांना वीज देणारी लाईन) त्यावर जाणार म्हणतात. म्हणजे दिवसा आठ तास लाईट. त्याचा आनंदच आहे. गोदाकाठच्या उसात बिबटे आहेत; रात्री मोटार चालू करायला वडील निघाले की ते परत येईपर्यंत आईचा डोळा लागत नाही.

अडचण डिसेंबर-जानेवारीची. पारा चार-पाच अंशांवर उतरला की मणी तडकतात, फुगवण थांबते. अशा वेळी पहाटे तीन-चारला ठिबक सोडावं लागतं. विहिरीचं पाणी कोमट असतं, बाग थोडी सावरते. शेकोट्या पेटवतोच, पण नुसत्या धुरावर भागत नाही. वडिलांनी मांडवाच्या तारेला थर्मामीटर बांधलाय आणि रोज पहाटेचा आकडा ते वहीत लिहून ठेवतात. वर्षाकाठी अशा पंधरा-वीस पहाटे असतात. तेवढ्याच पहाटे लाईट हवी.

कार्यालयात विचारलं तर "धोरण वरून येतं" एवढंच उत्तर मिळालं. वरून म्हणजे कुठून? शेतीचे फिडर सौर विजेवर नेणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, तिचा दुसरा टप्पा २०२३ चा, इथपर्यंत वाचलंय. पण ऊर्जा विभाग, वीज नियामक आयोग, वीज वितरण कंपनी यांत कोण काय ठरवतं? अर्ज कुणाच्या नावाने करू?

प्रतिसाद १
दादा, तिघांची कामं वेगळी आहेत. धोरणाचा प्रस्ताव ऊर्जा विभाग तयार करतो, मंत्रिमंडळ मान्यता देतं, मग शासन निर्णय निघतो. दर ठरवतो आयोग. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १०८ नुसार जनहिताच्या धोरणाबाबत सरकार आयोगाला लेखी निर्देश देऊ शकतं. सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर कलम ६५ नुसार त्या रकमेची तजवीज सरकारनेच आगाऊ करायची असते. फिडरचं रोजचं वेळापत्रक वितरण कंपनी लावते, पण धोरणाच्या चौकटीत राहून. म्हणून अर्ज दोन करा: एक ऊर्जा विभागाच्या सचिवांना, दुसरा कंपनीच्या मुख्य अभियंत्यांना. दोन्हींवर पोच घ्या.

आणि दरवाढीची याचिका आली की आयोग हरकती-सूचना मागवतो. कलम ६४ प्रमाणे त्या विचारात घेतल्याशिवाय आदेश काढता येत नाही. नाशिकलाही सुनावणी होते. मी एकदा बोललोय, माझं म्हणणं नोंदवून घेतलं होतं.

प्रतिसाद २
एक महत्त्वाचं. सबस्टेशनला जोडलेला सौर प्रकल्प असला तरी फिडर ग्रीडवरच (मुख्य वीजजाळ्यावरच) राहतो, त्यामुळे पहाटे लाईट देता येते, प्रश्न वेळापत्रकाचा आहे. स्वतंत्र सौर पंप घेतलात तर मात्र उजाडेपर्यंत मोटार चालणार नाही. जुनं कनेक्शन सोडायची घाई करू नका. अर्जात हा फरक स्पष्ट लिहा.

धागाकर्ता
खूप आभार. वडिलांच्या वहीतली दोन हंगामांची पानं झेरॉक्स करून दोन्ही अर्जांना जोडतो. आमच्या फिडरवरच्या बाकी बागायतदारांच्याही सह्या घेतोय. कुणाकडे अशा अर्जाचा नमुना असेल तर कृपया इथे टाका, थंडी सुरू व्हायच्या आत द्यायचाय.